विश्वात आपण कुठे आहोत, यावर आपली स्थितिज ऊर्जा ठरते का?

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये 28व्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलीला दहावीचा गुरुत्वाकर्षणाचा धडा समजावताना अडकलो. सोसायटीच्या गेटपासून उंची धरली तर माझी स्थितिज ऊर्जा एक येते, समुद्रसपाटीपासून धरली तर दुसरी. मग सूर्याचा, आकाशगंगेचा हिशेब धरला तर? माझी खरी स्थितिज ऊर्जा किती? विश्वात कुठेतरी सगळ्यात उंच जागा असेल, तर तिथल्या दगडात अफाट ऊर्जा असणार ना? शिवाय विश्व पसरतंय, सगळं एकमेकांपासून लांब जातंय, म्हणजे सगळ्यांचीच स्थितिज ऊर्जा वाढतेय. डार्क एनर्जी म्हणतात ती हीच का? आणि यातलं काही आपल्याला वापरता येईल का?"

मी ठाण्यातच पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. यातला पहिला प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारतंच. ज्या वर्षी कोणी विचारत नाही त्या वर्षी मला जरा काळजी वाटते. उत्तर आधी सांगतो, फोड नंतर करतो. तुमची "खरी" स्थितिज ऊर्जा असा आकडा नाही. दोन जागांमधला फरक तेवढा खरा, आणि तो मात्र इतका खरा की घड्याळ लावून मोजता येतो. विश्वाच्या पातळीवर गेलं की हा फरकाचा हिशेबही एका टप्प्यानंतर मांडता येत नाही. तुमच्या प्रश्नांतली खरी गंमत तिथे आहे.

शून्य कुठे धरायचं हा आपल्या सोयीचा भाग असतो. नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण भरलं की बातमी येते, पातळी 88 मीटर. ती सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली. त्याच पानावर दुसरी बातमी असते, आज दुपारी साडेचार मीटरची भरती. ती समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. भरती-ओहोटीच्या तक्त्यांचं शून्य नौकानयनासाठी मुद्दाम खाली, जवळपास सगळ्यात मोठ्या ओहोटीच्या पातळीला धरलेलं असतं, आणि मुंबईला ते सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. एकाच शहराच्या पाण्याला दोन शून्यं, आणि कोणाचं काही अडत नाही, कारण धरणवाल्यांना धरणातला फरक हवा असतो आणि जहाजवाल्यांना खाडीतला. तुमच्या इमारतीतही पोडियम पार्किंगचे मजले धरले तर 28वा मजला खरं तर बत्तिसावा-तेहतिसावा असेल. लिफ्टच्या मोटरला त्याच्याशी देणंघेणं नाही, तिला कुठून कुठे न्यायचं एवढंच बघायचं असतं.

आता एक सवय मोडायची आहे, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून होतो. "उचललेल्या दगडात ऊर्जा साठते" असं आपण सर्रास म्हणतो. क्लासमध्ये एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची) हे सूत्र इतक्या वेळा घोटून घेतात की मुलांना ती दगडाच्याच खिशात आहे असं वाटायला लागतं. ती दगडाची एकट्याची नसते. ती दगड आणि पृथ्वी या जोडीची असते, दोघांमधलं अंतर ताणण्यासाठी जे काम झालं त्याची. पृथ्वी काढून घेतली तर दगड तसाच राहील, स्थितिज ऊर्जा नाहीशी होईल. म्हणून "विश्वातल्या सगळ्यात उंच जागेवरचा दगड" ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणाच्या मानाने उंच?

हे धरून आकडे बघू. लिफ्ट बंद आहे आणि 20 लिटरचा पाण्याचा जार तुम्ही सुमारे 80 मीटर वर घरापर्यंत नेलात. काम झालं जवळजवळ 15,700 जूल. पायांचे तुकडे पडतील, पण एवढ्या ऊर्जेवर 9 वॉटचा एलईडी दिवा जेमतेम अर्धा तास जळेल. विजेच्या बिलावरच्या एका युनिटमध्ये 36 लाख जूल असतात, म्हणजे तुमची सगळी मेहनत एका युनिटच्या हजार भागांतले जेमतेम चार-पाच भाग.

आता एकाच किलोचा विचार करू आणि तो पृथ्वीच्या ओढीतून कायमचा बाहेर काढू. दहावीच्या धड्यात मुक्तिवेग आहे, सेकंदाला 11.2 किलोमीटर, त्याचाच हा हिशेब. किलोमागे साधारण सव्वासहा कोटी जूल, म्हणजे 17 युनिट. यात आश्चर्य वाटण्यासारखी गोष्ट ही की हे फार नाही. घरगुती विजेच्या दराने दोनेकशे रुपयांच्या आतबाहेरचं काम. (रॉकेटं महाग का, हा वेगळा विषय आहे. त्यांना स्वतःचं इंधनही उचलावं लागतं.) पृथ्वीच्या कक्षेच्या अंतरावरून सूर्याच्या ओढीतून सुटायचं तर सेकंदाला 42 किलोमीटर वेग लागतो, म्हणजे किलोमागे सुमारे 246 युनिट. आणि आपल्या आकाशगंगेतून बाहेर पडायचं तर सूर्याच्या आसपास मुक्तिवेग साधारण 550 किलोमीटर येतो, म्हणजे किलोमागे 42 हजार युनिट. बघा, पृथ्वी या हिशेबात किती किरकोळ आहे. आपण ज्या खड्ड्यात बसलोय त्याची खोली मुख्यतः आकाशगंगेने केली आहे, सूर्याने थोडी, आणि ज्या पृथ्वीचा धडा मुलीला शिकवताय तिने जवळजवळ नाहीच. या सगळ्या संख्यांना पाठ्यपुस्तकात ऋण चिन्ह असतं, कारण शून्य "अनंत अंतरावर" धरलेलं असतं. ऋण म्हणजे बांधलेले. सुटायचं तर तेवढं कोणीतरी भरावं लागेल.

आता इथे थोडं रेंगाळतो, कारण जागा बदलल्याने स्थितिज ऊर्जा किती बदलते याचं एक उदाहरण आपण सगळे दर वर्षी जगतो. पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्यापासून सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर असतो, जुलैच्या पहिल्या आठवड्यात 15.2 कोटी. म्हणजे संक्रांतीच्या सुमारास ते आषाढाच्या सुमारास या प्रवासात तुम्ही, तुमचा सोफा आणि येऊरचा डोंगर, सगळे सूर्याच्या मानाने पन्नास लाख किलोमीटर वर चढता. किलोमागे ऊर्जा वाढते सुमारे 3 कोटी जूल. पृथ्वीवरून कायमचं सुटायला लागते त्याच्या जवळपास निम्मी! जमिनीवरची ओढ उंचीबरोबर कमी होत नाही असं धरलं, तरी एवढं काम करायला तो किलो 3,000 किलोमीटर उंच उचलावा लागेल. मग आपल्याला काही जाणवत का नाही? कारण हिशेब आपोआप दुसऱ्या खात्यातून चुकता होतो: जानेवारीत पृथ्वीचा वेग सेकंदाला 30.3 किलोमीटर असतो, जुलैत 29.3. गतिज ऊर्जा तेवढीच कमी होते. आणि पृथ्वी, तुम्ही, सोफा, तिघेही सूर्याभोवती एकत्रच "पडत" असता, त्यामुळे एकाच्या मानाने दुसऱ्याला काही ढकलावं लागत नाही.

जाणवतो तो फक्त उरलेला चिमूटभर फरक. पृथ्वीच्या सूर्याकडच्या बाजूला ओढ किंचित जास्त, पलीकडच्या बाजूला किंचित कमी. चंद्राचंही तसंच, आणि तो जवळ असल्याने त्याचा परिणाम सूर्याच्या दुपटीहून थोडा अधिक. ठाणे खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं ते या फरकामुळे. अख्ख्या सूर्याच्या खड्ड्यातल्या स्थितिज ऊर्जेपैकी आपल्या हाती लागणारा भाग म्हणाल तर कळव्याच्या पुलावरून दिसणारी ती भरती.

मघाशी म्हटलं की फरक घड्याळावर मोजता येतो. गुरुत्वाच्या खड्ड्यात जो जास्त खोल, त्याचं घड्याळ हळू. 1959-60 मध्ये पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्डमधल्या एका इमारतीत 22.5 मीटर उंचीच्या फरकावर हे मोजून दाखवलं. गॅमा किरण वर चढताना त्यांची ऊर्जा किती घटते ते त्यांनी पकडलं. ती इमारत तुमच्या टॉवरच्या पाव उंचीची. 2010 मध्ये अमेरिकेत दोन अणुघड्याळांतला 33 सेंटिमीटरचा फरक दिसला, 2020 मध्ये जपान्यांनी टोकियो स्कायट्रीच्या 450 मीटरवर घड्याळ नेऊन ते तपासलं, आणि 2022 मध्ये कोलोरॅडोत एका मिलिमीटरच्या फरकावर. तुमच्या बाबतीत सांगायचं तर 28व्या मजल्यावरचं घड्याळ खालच्या वॉचमनच्या घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे पाव मायक्रोसेकंद पुढे जातं. वर राहणारा किंचित लवकर म्हातारा होतो. बिल्डरने हे ब्रोशरमध्ये छापलेलं मी अजून पाहिलेलं नाही. जीपीएसच्या उपग्रहांवर हा फरक, वेगाचा उलटा परिणाम वजा करून, दिवसाला 38 मायक्रोसेकंद होतो. तो दुरुस्त केला नाही तर माजिवड्याहून निघालेली रिक्षा नकाशावर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटर भलतीकडे दिसेल.

जानेवारी-जुलैचा चढ-उतारही घड्याळात उमटतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. तिथून पल्सार नावाच्या ताऱ्यांचे ठोके मोजणाऱ्यांना पृथ्वीवरच्या घड्याळांमध्ये वर्षभरात होणारी सुमारे 1.7 मिलिसेकंदांची मागेपुढे दुरुस्त करावी लागते, कारण आपण सूर्याच्या खड्ड्यात खाली-वर होतो आणि वेगही बदलतो. ही दुरुस्ती सोडली तर ज्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा 2023 मध्ये भारतीय चमूसह जगभरच्या गटांनी जाहीर केल्या, त्या दिसल्याच नसत्या. त्या खुणा मिलिसेकंदाच्या मानाने कितीतरी बारीक आहेत.

पण नीट बघा, प्रत्येक ठिकाणी दोन घड्याळं लागली. एका बंद खोलीत एकच घड्याळ घेऊन बसलात आणि "मी विश्वात किती खोल आहे" विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. आकाशगंगेच्या बाहेर कोणी घड्याळ ठेवलं असतं तर त्याच्या मानाने आपलं वर्षाला पन्नासेक सेकंद मागे पडलं असतं. इथे बसून आपल्याला मात्र सेकंद सेकंदासारखाच वाटतो. खोलीतला कोणताही प्रयोग विश्वातल्या जागेवर अवलंबून नसतो, हे आइनस्टाइनच्या गुरुत्व सिद्धान्ताच्या पायातलं गृहीत आहे, आणि आजवरच्या तपासण्यांत ते टिकलं आहे.

मग तुमची "सगळ्यात उंच जागा"? हा विचार न्यूटनलाही करावा लागला होता. 1692-93 मध्ये रिचर्ड बेंटली नावाच्या धर्मोपदेशकाने त्याला पत्रं लिहून विचारलं, की सगळं सगळ्याला ओढतं तर विश्व एका जागी गोळा का होत नाही? न्यूटनचं म्हणणं साधारण असं, की द्रव्य अनंत पसरलेलं असेल तर त्याला गोळा व्हायला एक मध्यच नाही. उत्तर चतुर आहे, पण स्थितिज ऊर्जेचा हिशेब त्याने बसत नाही. तुमच्याभोवती कांद्यासारखी एकाबाहेर एक आवरणं कल्पा. आवरण दुप्पट लांब असेल तर त्यातलं द्रव्य चौपट, आणि अंतरामुळे परिणाम निम्मा. म्हणजे लांबच्या आवरणाचा वाटा जवळच्याच्या दुप्पट! बेरीज थांबतच नाही, अनंतात जाते. 1895 मध्ये झेलिगर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने याकडे बोट दाखवलं. "अनंतावर शून्य" ही पुस्तकातली सोय एकाकी पृथ्वीला किंवा एकाकी सूर्याला चालते. सगळीकडे द्रव्य असलेल्या विश्वाला ती लागूच पडत नाही. आणि सगळीकडे सारखंच द्रव्य असेल तर कोणतीच जागा उंच नाही, कोणतीच खोल नाही.

प्रत्यक्षात विश्व अगदी सारखं नाही, थोडे उंचवटे-खळगे आहेत. ते मोजलेही गेले आहेत. विश्व जेमतेम 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. ज्या भागात गुरुत्वाचा खळगा होता तिथून निघालेल्या प्रकाशाला वर चढावं लागलं, त्याची ऊर्जा थोडी घटली. साक्स आणि वोल्फ यांनी हे गणित 1967 मध्ये मांडलं, आणि 1992 मध्ये कोबे उपग्रहाने तापमानातले ते फरक दाखवले: लाखात एक भागाच्या आसपास. यावरून विश्वातल्या मोठ्या खळग्यांची खोली एमसी-वर्गाच्या, म्हणजे वस्तूत मुळातच असलेल्या ऊर्जेच्या, लाखातल्या दोन-चार भागांएवढी येते. एका किलोत मुळात असते 2,500 कोटी युनिट. जागेमुळे होणारा फरक काही लाख युनिट. तुमच्या कल्पनेतलं शिखर शोधायला निघालात तर हाती एवढंच लागेल.

अपवाद कृष्णविवरांच्या आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या काठाचा. तिथे जागेचा फरक किरकोळ राहत नाही. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती चकतीतून घरंगळत आत जाणारं द्रव्य पडण्यापूर्वी आपल्या एमसी-वर्गाचा सुमारे 6 टक्के भाग प्रकाश आणि उष्णता म्हणून टाकतं, आणि वेगाने फिरणाऱ्याभोवती हा आकडा जास्तीत जास्त 42 टक्क्यांपर्यंत जातो. सूर्य हायड्रोजन जाळून जेमतेम 0.7 टक्के काढतो. क्वेसार, म्हणजे महाकाय कृष्णविवरांमुळे झळकणारे दीर्घिकांचे गाभे, अब्जावधी प्रकाशवर्षांवरून दिसतात ते या घसरणीच्या जोरावर. पण इथेही ऊर्जा मिळते ती उंच असल्यामुळे नाही, खाली एक भयंकर खोल जागा असल्यामुळे.

आता विश्वाचं प्रसरण. दोन दीर्घिका एकमेकींपासून लांब जातात, म्हणून त्या जोडीची स्थितिज ऊर्जा वाढते, हे तुमचं म्हणणं बरोबर. वर फेकलेल्या चेंडूसारखं ते त्यांच्याच गतीतून वजा व्हायला हवं, म्हणजे प्रसरण मंदावायला हवं. 1998 मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून उलटंच निघालं: प्रसरण वाढत्या वेगाने चाललंय. डार्क एनर्जी हे त्या उलट्या वागण्याच्या कारणाला दिलेलं नाव. ती वाढलेली स्थितिज ऊर्जा असती तर तिने ब्रेक लावला असता, ॲक्सिलरेटर दाबला नसता. शिवाय जागा वाढली तरी तिची घनता, आजच्या मोजमापांनुसार, जवळपास तेवढीच राहते. हा गुण कोणत्याही गुरुत्वीय स्थितिज ऊर्जेत नसतो.

"मग ती वाढलेली ऊर्जा आली कुठून?" हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारालच. गणितज्ञ एमी नोएथरने 1918 मध्ये दाखवलं की ऊर्जेची अक्षय्यता एका अटीवर उभी आहे: ज्या रंगमंचावर सगळं घडतं तो काळाबरोबर बदलता कामा नये. प्रसरण पावणाऱ्या विश्वात रंगमंचच बदलतोय. तो पुरातन प्रकाश निघाला तेव्हा सुमारे 3,000 केल्विनचा होता, आज 2.7 केल्विनचा आहे. ती ऊर्जा कोणत्या खात्यात जमा झाली? बहुतेक कामकरी विश्वशास्त्रज्ञ सांगतील की संपूर्ण विश्वासाठी असं खातंच उघडता येत नाही. मलाही हेच पटतं, जरी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते पळवाटीसारखं वाटतं.

एकूण बेरीज शून्य आहे, हेही तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पास्कुअल योर्डानची कल्पना अशी की ताऱ्याची ऋण गुरुत्वीय ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या धन ऊर्जेइतकी असेल तर तो शून्यातूनही निर्माण होऊ शकेल. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमोने लिहिलं आहे, की प्रिन्स्टनमध्ये चालता चालता त्याने हे आइनस्टाइनला सांगितलं तेव्हा आइनस्टाइन थबकला, आणि दोघे रस्ता ओलांडत असल्याने गाड्यांना थांबावं लागलं. 1973 मध्ये एडवर्ड ट्रायनने तीच गोष्ट अख्ख्या विश्वाला लावली. कल्पना देखणी आहे, पण ज्या बेरजेची व्याख्याच नीट होत नाही ती शून्य आली म्हणून मी तरी पेढे वाटणार नाही. आपल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर 1960च्या दशकात वेगळा रस्ता धरला होता: नवं द्रव्य सतत निर्माण होतं आणि ऋण ऊर्जेचं एक क्षेत्र त्याची भरपाई करतं. त्यांच्या 1964च्या गुरुत्व सिद्धान्तात तर वस्तूचं वस्तुमानच विश्वातल्या इतर सगळ्या द्रव्यावर अवलंबून होतं. तुमच्या "विश्वातल्या जागेवर काहीतरी ठरतं का" या शंकेच्या सगळ्यात जवळ गेलेलं काम हेच. 1969 पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर सोडून गुरुत्वाचा जोर काळाबरोबर बदलतो का हे पाहिलं जातंय. बदल असलाच तर वर्षाला लाख कोटीत एका भागाहून कमी. त्यामुळे तसल्या सिद्धान्तांना आता फारशी जागा उरलेली नाही, पण प्रश्न बरोबर विचारला होता.

राहिला वापर. वापरायला दोन जागा लागतात, त्यांच्यातला फरक लागतो आणि मधून वाट लागते. आपल्या जिल्ह्यातच याचं उदाहरण आहे. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प, 250 मेगावॉट. वरचा जलाशय सह्याद्रीच्या माथ्यावर प्रवरेच्या खोऱ्यात, खालचा शहापूर तालुक्यात, मध्ये चारशे मीटरच्या आसपासचा कडा. रात्री मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की खाली सोडायचं. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली आलं की गळती धरण्याआधी साधारण 1.1 युनिट. मुलीला एमजीएच लावून हे काढायला सांगा. मग शून्य समुद्रसपाटीला धरून एकदा आणि शहापूरच्या बाजूच्या जलाशयाला धरून एकदा काढायला सांगा; आकडा बदलला तर कुठेतरी वजाबाकी चुकली आहे.